माया सोडलेली फळी

हॅचबॅक गाडीत मागच्या आसनाची पाठ आणि डिकीचे दार यांच्यामध्ये, काचेखाली, एक आडवी फळी असते. तिला पार्सल ट्रे म्हणतात. या नावामुळे ती सामान ठेवण्यासाठीच असावी असा समज होतो, आणि आपल्या व्यापारी घरांत तर तो फारच दृढ आहे. बाहेरगावी निघताना जेवणाचा डबा, वह्यांची पिशवी, नमुन्यांचा गठ्ठा, सारे त्या फळीवर जाते. वास्तविक डिकीतला माल येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरेआड ठेवणे, त्याला उन्हापासून जपणे आणि मागून येणारा आवाज थोडा अडवणे, एवढेच तिचे काम.

आमच्या घरी 2001 सालची मारुती झेन आहे. वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, ती सोलापूरच्या आमच्या कापड दुकानासाठी घेतली होती. सोलापूरचा उन्हाळा चाळीस अंशांच्या पुढे जातो. इतके उन्हाळे सोसून मूळची फळी मध्यभागी खचली आणि तिची एक खुंटी तुटली. तशी नवी फळी बाजारात मिळेना. दोन वर्षांपूर्वी आम्ही दुकान आवरले, तेव्हापासून अप्पांचा दिवस खुर्चीत जात होता. आता गाडीही भंगारात द्यावी, असा घरातला सूर होता. अप्पा त्यावर काही बोलत नसत, आणि त्यांचे ते न बोलणेच मला अधिक लागे.

फळी घरीच करू, असे मी म्हटले तेव्हा ते उठले. मी जुनी फळी प्लायवूडवर ठेवून पेन्सिल फिरवणार, तोच म्हणाले, "आटलेल्या सदऱ्यावरून नवा सदरा बेतत नाहीत." मग त्यांनी वर्तमानपत्रांचे कागद जोडले, आसनाच्या पाठीशी आणि दोन्ही बाजूंच्या वळणांशी ते दाबून बसवले, आणि दुकानातल्या कात्रीने नमुना कापला. त्यावरून पुठ्ठा कापून तो गाडीत तीनदा बसवून पाहिला. लाकडाला हात लावला तो त्यानंतर.

मतभेद झाला तो जाडीवरून. "12 मिलिमीटरचे प्लायवूड आण, वजन पेलले पाहिजे," असे अप्पांचे म्हणणे. मी म्हणालो, "अप्पा, तुम्हीच हिशेब करून पाहा. ताशी 50 किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे 14 मीटर. गाडी आदळून एकाएकी थांबली तरी फळीवरचा डबा त्याच वेगाने पुढे येतो. दहा मीटर उंचीवरून, म्हणजे साधारण तिसऱ्या मजल्यावरून, पडलेल्या वस्तूचा जमिनीशी वेग तेवढाच असतो. आणि मागच्या आसनावर आपली नातवंडे बसतात." ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तर पातळच कर. वर काही ठेवायचे मनातच येऊ नये."

म्हणून 6 मिलिमीटरचे प्लायवूड घेतले आणि ते झुकू नये म्हणून खालून एक आडवी पट्टी लावली. वजन जवळपास निम्म्यावर आले. दार उघडताना फळी दोन दोऱ्यांनी वर उचलली जाते, त्यामुळे दोऱ्यांवरचा आणि खुंट्यांवरचा ताणही कमी झाला. दमट हवेत प्लायवूड फुगू नये म्हणून कडांना आधी रंग दिला.

आच्छादनासाठी अप्पांनी दुकानातला शेवटचा तागा काढला. बदामी रंग त्यांना आवडे, परंतु फिकट फळीचे प्रतिबिंब मागच्या काचेत पडते आणि आरशातून मागचे नीट दिसत नाही. तेव्हा गडद करडे कापड घेतले. रबरी गोंद लाकडाला आणि कापडाला लावायचा, बोटाला लागेनासा होईपर्यंत थांबायचे, मग मधून कडेकडे हात फिरवीत कापड बसवायचे. कडेला दोन इंच माया सोडून, वळणांवर चिरा देऊन, ती खालच्या अंगाला पिनांनी ठोकायची.

कापडाला माया सोडतात, लाकडाला मात्र मापाहून कमी कापावे लागते. दुमडलेल्या कापडाची जाडी आणि वर तीन मिलिमीटर फट प्रत्येक बाजूला सोडली नाही, तर फळी अडकते किंवा प्रत्येक खड्ड्याला कुरकुरते. अप्पांनी हे मापाविना, बोटाच्या अंदाजाने सांगितले. पुढे मोजपट्टी लावली तेव्हा तो अंदाज बरोबर निघाला.

थकलेल्या वडीलधाऱ्यांना आता विश्रांती द्यावी, असे आपण प्रेमानेच म्हणतो. परंतु चाळीस-पन्नास वर्षे माप आणि माल हाताळलेल्या माणसाच्या बोटांत जे साठलेले असते, ते दुकानाच्या कुलपाबरोबर बंद होत नाही. ते कोणी विचारीत नाही, एवढेच. ज्या घरांत नुकतीच दुकानाची फळी खाली ओढली गेली असेल, तेथे एखादे काम मुद्दाम हाती घ्यावे आणि ते कसे बेतावे, हे त्यांना विचारावे.

गाडी भंगारात देण्याचा विषय सध्या मागे पडला आहे. फळी रिकामी असते. परवा पाहुण्यांपैकी कोणी तिच्यावर पिशवी ठेवू लागले, तेव्हा अप्पा म्हणाले, "तिथे नको. खाली, डिकीत ठेवा. मागे मुले बसतात."