गाळलेला चहा

२००८ साली मी जलशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत केमिस्ट म्हणून रुजू झाले, तेव्हा माझ्याकडे एम.एस्सी.ची पदवी होती आणि मामांकडे किल्ल्या होत्या. मामा प्रयोगशाळेचे परिचर. नमुने आणायचे, काचसामान धुवायचं, चहा करायचा. मी म्हणेन तीच पूर्वदिशा, असं मला पहिले काही महिने वाटत होतं.

आमचं पाणी सह्याद्रीतल्या एका धरणाचं. तुरटीचा डोस गढूळपणावर ठरायचा. एनटीयू, म्हणजे गढूळपणाचा आकडा, चढला की तुरटी वाढवा, उतरला की कमी करा. पहिल्याच जूनमध्ये या हिशेबाने दगा दिला. दोन-तीन जोरदार सरी होऊन गेल्या होत्या, कच्च्या पाण्याचा गढूळपणा मात्र जेमतेम ४ एनटीयू. आणि शहराच्या टोकाच्या नळांना क्लोरीनच सापडेना. क्लोरीन तपासायच्या ओटीचे थेंब टाकले की पाणी पिवळसर व्हायला हवं. शेवटच्या नळालाही लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरावा, असा मानकाचा दंडक. इथे पाणी होतं तसंच. मी क्लोरिनेटर तपासायला माणसं पिटाळली. त्यात काहीच बिघाड नव्हता.

मामांनी कच्च्या पाण्याची बाटली उघडून वास घेतला. म्हणाले, "ताई, पाला उतरलाय."

"पण पाणी तर स्वच्छ दिसतंय!"

त्यांनी हातातली चहाची गाळणी दाखवली. "हा पण गाळलाय की. रंग गेला का त्याचा?"

विरघळलेल्या सेंद्रिय द्रव्याची याहून चांगली व्याख्या मला अजून कुठल्या पुस्तकात सापडलेली नाही. जंगलातली पानं वर्षभर कुजतात, पहिला पाऊस त्यांचा अर्क धुऊन धरणात आणतो. तो अर्क गढूळपणाच्या मीटरला दिसत नाही, फिल्टरच्या वाळूतून सुखरूप पार होतो आणि पुढे क्लोरीन खातो. नुसता खात नाही. क्लोरीनशी त्याचा संयोग होऊन क्लोरोफॉर्मसारखी द्रव्यं तयार होतात. हे १९७४ साली रॉटरडॅमच्या पाणीपुरवठ्यात काम करणाऱ्या योहानेस रूक यांनी दाखवलं. एम.एस्सी.ला हे मी पाठ केलं होतं. पण ते हॉलंडमधल्या पाण्याबद्दल आहे, अशी माझी का कोण जाणे समजूत होती.

कोपऱ्यात अतिनील किरणांचा स्पेक्ट्रोफोटोमीटर होता. त्यावर आम्ही फक्त नायट्रेट मोजायचो. २२० नॅनोमीटरला वाचन घ्यायचं, मग २७५ला दुसरं घ्यायचं आणि त्याची दुप्पट पहिल्यातून काढून टाकायची. दुसरं वाचन कशासाठी? सेंद्रिय द्रव्याचा अडथळा दूर करण्यासाठी. म्हणजे ज्याच्या मागावर असायला हवं, त्यालाच आम्ही रोज इमानेइतबारे वजा करत होतो!

त्या दिवशी मी तबकडी २५४ला आणली. पाण्याच्या अभ्यासात हाच आकडा रूढ आहे, कारण पाऱ्याच्या दिव्याचा मुख्य प्रकाश २५३.७चा आणि सुरुवातीची यंत्रं त्यावरच चालत. पाल्याच्या अर्कात बेंझिनसारखी कडी असलेले मोठे रेणू असतात, ते हा प्रकाश शोषतात. साखरेसारखे रेणू शोषत नाहीत, त्यामुळे सगळं काही यात पकडलं जात नाही. पण कार्बन मोजायचं महागडं यंत्र आमच्याकडे नव्हतंच. पाणी ०.४५ मायक्रॉनच्या कागदातून गाळायचं, कारण गाळाचे कणही प्रकाश अडवतात, आणि दोन मिनिटांत आकडा हातात. मे महिन्यात ठेवलेल्या बाटलीचं वाचन आलं ०.०५, ताज्या पाण्याचं ०.१३. मग जार टेस्ट लावली. सहा बीकर, सहा डोस. या वेळी डोस निवडला तो नितळलेल्या पाण्याच्या २५४च्या आकड्यावर. त्या रात्री टोकाच्या नळाला ओटी पिवळी झाली.

साहेबांनी माझं कौतुक केलं. मी मामांचं नाव घेतलं नाही. विसरले, असं म्हणणं सोयीचं आहे.

जुलैत एका पहाटे आकडा एकदम ३च्या घरात गेला. मी घाबरून कंट्रोल रूमला फोन केला, तुरटी वाढवा. मागे बेसिनपाशी मामा स्पेक्ट्रोफोटोमीटरची कुपी विसळत होते. ती उजेडाकडे धरून म्हणाले, "ताई, ही शेपटीवाल्या गोलाची न्हाई."

क्वार्ट्झच्या कुपीवर इंग्रजी क्यू कोरलेला असतो. तोच तो शेपटीवाला गोल. साध्या काचेची कुपी दिसायला अगदी जुळी, पण ती २५४चा प्रकाश स्वतःच अडवते. शून्य मी क्वार्ट्झच्या कुपीत लावलं होतं आणि पाणी काचेच्या कुपीत भरलं होतं. मी मोजलं ते काचेला. पुन्हा फोन करून डोस थांबवला. मामा यातलं कुणाजवळही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर क्वार्ट्झच्या कुप्यांच्या डबीला लाल दोरा बांधलेला.

काही वर्षांनी मामा निवृत्त झाले, त्यानंतरच्या आठवड्यात यंत्र बिघडलं. निदान मला तसं वाटलं. सकाळी शून्य लावावं, तर दहा मिनिटांत ते घसरलेलं. नव्या कुप्या वापरून पाहिल्या, डिस्टिल्ड वॉटर बदललं, शेवटी सर्व्हिसवाल्याला बोलावलं. त्याने झाकणसुद्धा उघडलं नाही. विचारलं, "मॅडम, दिवा किती वेळ आधी लावता?"

ड्यूटेरियमचा दिवा स्थिर व्हायला अर्धा तास लागतो, हे मला ठाऊक होतं. पण मी आले की यंत्र नेहमी चालूच असायचं. ते रात्रभर चालू ठेवतात, अशी माझी समजूत. इतक्या वर्षांत मी कधी विचारलंही नव्हतं.

संध्याकाळी मामांच्या गावी फोन लावला. ते हसले. म्हणाले, "चहाचं आधण ठेवलं की बटण दाबायचो, ताई. दोन्हीला तापायला येळ लागतो."