सर, आधी सांगायचं ना!

गेल्या वर्षी आमच्या शाळेचा क्रिकेट संघ मी निवडला. खरं तर तो माझा प्रांत नाही. मी उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवतो आणि वरच्या वर्गांना उर्दू. पण खेळाचे सर निवडणुकीच्या कामाला लागले होते (मास्तरला शिकवणं सोडून बाकी सगळी कामं असतात, हे वाचकांना वेगळं सांगायला नको), म्हणून यादी करायचं काम माझ्याकडे आलं. शाळेचं नाव लिहीत नाही. जे झालं ते माझ्या हातून झालं, शाळेचा त्यात काही दोष नाही.

तीसेक पोरं मैदानात जमली. त्यातून सोळा काढायची होती. आदल्या रात्री मोबाइलवर भारतीय संघाच्या यो-यो चाचणीवर काहीतरी बघितलं होतं, तेच डोक्यात होतं. म्हटलं, आपणही जरा शास्त्रीय निवड करू. सगळ्यांना मैदानाच्या सहा फेऱ्या मारायला लावल्या आणि जे मागं राहिले त्यांची नावं सरळ खोडली. त्यात नववीतला एक जाडजूड पोरगा होता. वडील बेकरीत कामाला, म्हणून सगळी शाळा त्याला ‘डबलरोटी’ म्हणते. हा पोरगा टेनिस बॉल असा मारतो की शेजारच्या गच्चीवरून चेंडू मागायला दोनदा मला स्वतःला जावं लागलंय. फेऱ्यांत तो शेवटून दुसरा आला. नाव वगळलं तेव्हा तो रडला नाही की भांडला नाही. दम लागलेल्या आवाजात एवढंच म्हणाला, “सर, पळवणार हे आधी सांगायचं ना!”

मी त्याला काय उत्तर दिलं ते आठवत नाही. बहुधा काहीच दिलं नाही.

ही गोष्ट मी विसरूनही गेलो असतो. पण गेल्या ऑक्टोबरात, म्हणजे २०२५ च्या, भारत ‘अ’ संघाची यादी आली आणि त्यात सरफराज खानचं नाव नव्हतं. दुसऱ्या दिवशी आमच्या स्टाफरूममध्ये चहा थंड होईपर्यंत वाद झाला. एक सहकारी ठामपणे म्हणाले, “आडनाव बघा म्हणजे कारण कळेल.” विज्ञानाचे सर म्हणाले, “पोट बघा म्हणजे कारण कळेल.” मी दोघांकडे बघत बसलो. माझ्या डोळ्यासमोर तो बेकरीवाल्याचा पोरगा होता.

सरफराजची हकीकत थोडक्यात सांगतो. मुंबईचा मुलगा, वडील नौशाद खान हेच त्याचे प्रशिक्षक. २०१९-२० च्या रणजी हंगामात त्यानं ९२८ धावा केल्या, त्यात उत्तर प्रदेशाविरुद्ध वानखेडेवर नाबाद ३०१. पुढचा हंगाम करोनामुळे झालाच नाही. २०२१-२२ मध्ये ९८२ धावा. एवढ्या धावा दोन हंगाम लागोपाठ करणारा माणूस भारतीय संघाच्या दारात उभा असतो, आत घेतला जात नाही. जानेवारी २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या कसोटींसाठी संघ निवडला, तेव्हाही तो बाहेरच. त्याच वेळी सुनील गावस्करांनी उपरोधानं सुचवलं होतं की सडपातळ पोरंच हवी असतील तर फॅशन शोला जा, मॉडेल निवडा आणि त्यांच्या हातात बॅट द्या. शतक ठोकल्यावर हा पोरगा पुन्हा मैदानात येऊन उभा राहतोच ना, हा त्यांचा मुद्दा होता.

गावस्करांचं म्हणणं मला अर्धंच पटतं. क्रिकेट बसून खेळायचा खेळ नाही. कसोटीत दिवसाला नव्वद षटकं उभं राहायचं, आणि फलंदाजी तर दोघांनी मिळून करायची असते. एकाचा पाय जड असेल तर दुसऱ्याची धाव बुडते. इंझमाम उल हकच्या फलंदाजीवर आम्ही पोरं जीव टाकायचो, पण तो धाव काढायला निघाला की पोटात गोळाही यायचा. उलट अर्जुन रणतुंगा बघा. एक धाव तो चालत काढायचा आणि १९९६ चा विश्वचषकही त्यानंच उचलला. वेस्ट इंडीजच्या रहकीम कॉर्नवॉलएवढा अवजड माणूस कसोटीत क्वचितच कुणी पाहिला असेल. त्यानं नोव्हेंबर २०१९ मध्ये लखनौला अफगाणिस्तानचे एका कसोटीत दहा बळी घेतले. तेव्हा वजन हा शब्दच मला या चर्चेत कुचकामी वाटतो. पळता येतं का, वाकता येतं का, दिवसाच्या शेवटी चेंडूवर नजर राहते का, हे विचारावं.

आणि हे विचारायची सोय आहे. यो-यो चाचणीत कुणी काट्यावर उभं करत नाही. वीस मीटरवर दोन खुणा, बीप वाजला की जायचं, बीप वाजला की परत, मध्ये दहा सेकंद दम खायचा, आणि बीपमधलं अंतर कमी कमी होत जातं. २०१७ मध्ये भारतीय संघासाठी १६.१ ही किमान पातळी ठरली होती. २०१८ च्या जूनमध्ये मोहम्मद शमी त्यात नापास झाला. बंगळूरला अफगाणिस्तानविरुद्ध कसोटी होती, तिथून त्याला वगळलं आणि नवदीप सैनीला घेतलं. शमीनं तयारी केली, चाचणी पार केली आणि त्याच उन्हाळ्यात इंग्लंडला गेला. अंबाती रायुडूही तेव्हा नापास झाला होता, त्याचा इंग्लंड दौरा हुकला. त्या वेळी शमीच्या आडनावावरून कुणी काही बोलल्याचं मला आठवत नाही. बोलायला जागाच नव्हती. आकडा समोर होता आणि परतीची वाटही समोर होती.

सरफराजच्या बाबतीत काय झालं? १ जानेवारी २०२३ ला मुंबईत मंडळाची बैठक झाली आणि यो-यो व डेक्सा (शरीरातली चरबी आणि हाडं मोजणारं स्कॅन) हे निवडीच्या निकषांत येतील असं जाहीर झालं. ठीक. पण त्या वर्षी वेस्ट इंडीज दौऱ्यातून त्याला वगळलं तेव्हा त्याचा अमुक गुण आला, तमुक हवा होता, असं कुणी सांगितलं नाही. एका अधिकाऱ्यानं नाव न सांगण्याच्या अटीवर वृत्तसंस्थेला सांगितलं की त्याचा फिटनेस आंतरराष्ट्रीय दर्जाचा नाही आणि वागणंही बरोबर नाही. एवढंच. ज्याच्याबद्दल हे बोललं गेलं त्यानं ते पेपरात वाचायचं.

इथं माझ्यातला बीएडवाला जागा होतो. मूल्यमापनाच्या पेपरात आम्ही दोन शब्द पाठ केले होते: वैधता आणि विश्वसनीयता. चाचणी जे मोजायचं म्हणते तेच मोजते का, आणि सगळ्यांना सारखंच मोजते का. परीक्षेपुरते पाठ केले, पुढं वर्गात विसरलो. आमची मुलं घरात दखनी बोलतात. त्यांना ‘ळ’ जड जातो. ‘बाळ’चं ‘बाल’ होतं, ‘शाळा’ची ‘शाला’ होते. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मी तोंडी परीक्षेत या ‘ळ’साठी गुण कापायचो. प्रश्न असायचा कवितेच्या आशयाचा. मुलगी आशय सुरेख सांगायची आणि मी गुण कापायचो उच्चाराचे, तेही तिला न सांगता. तिला वाटायचं, मला कविता कळली नाही. ‘ळ’ शिकवू नये असं नाही. मी रोज शिकवतो, जीभ उलटी वळवून दाखवतो, पोरं हसतात. पण त्याचे गुण वेगळे ठेवावेत आणि आधी सांगावं, एवढं कळायला मला सात-आठ वर्षं लागली.

आमच्या कोल्हापुरात तर ‘जाड’ ही तक्रार कधी नव्हतीच. अब्बा मला लहानपणी पेठेतल्या तालमीत घेऊन जायचे. मी काटकुळा. वस्ताद माझ्या दंडाला दोन बोटं लावून अब्बांना म्हणायचे, “मास्तर करा याला.” गंगावेशीत कट्ट्यावर म्हशीची धार काढून तिथंच पेलाभर दूध प्यायचं, वर बदामाची थंडाई, आणि अंग भरलं की घरात आनंद. पण कुस्तीत वजन हा नियमच असतो, लिहिलेला. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट अंतिम फेरीच्या सकाळी शंभर ग्रॅमनं जास्त भरली आणि बाद झाली. सगळा देश हळहळला, मीही. तरी काटा खोटा होता असं कुणाला म्हणता आलं नाही. पन्नास किलो म्हणजे पन्नास किलो, हे तिलाही माहीत होतं आणि समोरच्या पहिलवानालाही.

आणि धावा केल्या म्हणजे संघात जागा मिळते, असं मानायला कोल्हापूरकर शेवटचा असेल. भाऊसाहेब निंबाळकर आमचे. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात महाराष्ट्राकडून काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३. ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम नऊ धावांवर होता, तेवढ्यात काठेवाडचे कर्णधार राजकोटचे ठाकूरसाहेब संघ घेऊन निघून गेले, सामनाच सोडून दिला. प्रथम श्रेणीत भारतीयाची ती आजही सर्वांत मोठी खेळी आहे. निंबाळकर २०१२ मध्ये, वयाच्या त्र्याण्णवाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी गेले, कसोटी न खेळता. त्यांना कुणी जाडा म्हटलं नव्हतं. अब्बा ही गोष्ट सांगायचे आणि पुढं जोडायचे, “त्यांचं असं, मग आपलं बघ. आपल्याला दीडपट करावं लागतं.”

हे ‘दीडपट’ माझ्या मनातून कधी गेलं नाही. म्हणून स्टाफरूममधल्या आडनावाच्या वादात मी गप्प होतो. पुरावा बघितला तर ते पटत नाही. सिराज आहे, शमी होता, खुद्द सरफराजला फेब्रुवारी २०२४ मध्ये राजकोटला (हो, त्याच ठाकूरसाहेबांच्या राजकोटला) कुंबळेच्या हातून टोपी मिळाली. वडील ती टोपी धरून रडले आणि आमच्या घरात टीव्हीसमोर मीही. पहिल्या डावात ६२, दुसऱ्यात नाबाद ६८. पहिल्या डावात धावबाद झाला तो जडेजानं बोलावून परत पाठवल्यामुळे, पोटामुळे नव्हे. पुढं रांचीत हाच ‘अनफिट’ माणूस फलंदाजाच्या पुढ्यात, सगळ्यांत चपळ माणूस लागतो तिथं, उभा राहिला. तोही हेल्मेट न घालता, म्हणून रोहितनं त्याला झापलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये बंगळूरला न्यूझीलंडविरुद्ध १५० केल्या. मग धावा आटल्या. २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यातून वगळताना अजित आगरकरांनी तेच कारण उघडपणे सांगितलं. ते कारण मला कठोर वाटलं, पण कारण होतं. त्याच्याशी वाद घालता येतो.

ऑक्टोबरात पुन्हा ‘सूत्रां’च्या बातम्या सुरू झाल्या. काँग्रेसच्या प्रवक्त्या शमा मोहम्मद यांनी जाहीरपणे विचारलं की आडनावामुळे तर नाही ना? गंमत म्हणजे त्याच वर्षी मार्चमध्ये याच बाईंनी रोहित शर्माला खेळाडू म्हणून लठ्ठ म्हटलं होतं, आणि आठवडाभरात रोहितनं चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात ७६ काढून करंडक आणला. रोहितला पोट चालतं आणि सरफराजला नाही, हे गणित मांडायचा मोह मलाही होतो. पण मुंबईनं पृथ्वी शॉला २०२४ मध्ये रणजी संघातून काढलं तेव्हा हीच फिटनेस-शिस्तीची कुजबुज होती. ‘शॉ’ आडनावाचं काय करणार? तरीही, आकडा जाहीर नसला की आमच्यासारखी माणसं आडनाव मोजायला लागतात. मला हे पटत नाही आणि मनातून पुरतं काढूनही टाकता येत नाही.

दरम्यान त्या पोरानं २०२५ च्या पावसाळ्यात दोनेक महिन्यांत सतरा किलो वजन उतरवलं. नौशादभाईंनी सांगितलं की घरात रोटी-भात बंद, उकडलेलं आणि भाजलेलं खायचं. मुसलमान घरात बिर्याणी बंद करणं म्हणजे काय, हे आमच्या हिंदू वाचकांनी तांबड्या-पांढऱ्याशिवाय रविवार कल्पून बघावा. मला स्वतःला डॉक्टरांनी साखरेमुळे भात सोडायला सांगून दोन वर्षं झाली. अजून मी ‘आजपासून’च म्हणतोय.

यंदा जूनमध्येच मी वर्गावर्गांत फिरून सांगितलं: संघासाठी फलंदाजी-गोलंदाजीचे इतके गुण, क्षेत्ररक्षणाचे इतके, आणि विकेटांमध्ये पळण्याचे इतके. मैदानाच्या फेऱ्या नाहीत, बावीस यार्डच, बॅट हातात घेऊन. खेळाचे सर म्हणाले, एवढं कोण करतं.

तो पोरगा आता दहावीत आहे आणि निवडीला आला नाही. संध्याकाळी वडिलांच्या जागी बेकरीच्या काउंटरवर असतो. परवा मगरिबनंतर खारी घ्यायला गेलो तेव्हा म्हणाला, “सर, सरफराजनं सतरा किलो उतरवलं, बघितलं का?” म्हटलं, बघितलं. “तरी घेतलं नाही,” तो म्हणाला, आणि खारीचा पुडा काट्यावर ठेवला. पाव किलोला थोडी कमी होती. दोन तुकडे अजून टाकले.