पक्ष त्यांचा, भांडण आमचं



हातातलं काम उरकलं असेल तर घटकाभर ओट्यावर टेका. आज चार गोष्टी राजकारणाच्या सांगणार आहे. घाबरू नका, मत मागायला आलेलो नाही. मागायचं वय उरलं नाही, आणि द्यायची अक्कलही आता फारशी शिल्लक नाही असं आमच्या घरच्यांचं म्हणणं आहे.

मी जुन्या वळणाचा माणूस. दिलेला शब्द पाळावा, कर्ज काढून लग्न करू नये, जेवत्या माणसाला ताटावरून उठवू नये आणि मोठ्यानं बोलतो त्याला शहाणा समजू नये, एवढी माझी चार कलमं. एवढ्यावर स्वतःचा पक्ष काही निघत नाही. म्हणून मी आयुष्यभर दुसऱ्याच्या पक्षात राहिलो.

आमच्या गावात शिवसेनेची शाखा निघाली ती १९९० च्या आसपास. पाटी मी रंगवली, बांबू माझ्या धाकट्या चुलतभावानं पुरला. १९९५ साली युतीचं सरकार आलं तेव्हा आम्ही दोघांनी पारावर पेढे वाटले. पेढे उधारीचे होते, पण तेव्हा माझी कलमं तयार व्हायची होती. आमची घरं वेगळी, चुली वेगळ्या, पण विहीर एक. आजोबांनी खणलेली. रविवार, सोमवार, मंगळवार पाणी माझं. गुरुवार, शुक्रवार, शनिवार धाकट्याचं. बुधवार मोकळा. ज्याला गरज असेल त्यानं दुसऱ्याला विचारायचं आणि मोटार लावायची. विचारल्याशिवाय बुधवार घ्यायचा नाही, आणि विचारल्यावर नाही म्हणायचं नाही. हा रिवाज आजोबांपासूनचा. कुठल्या कागदावर नव्हता, म्हणूनच टिकला असावा.

आता राजकारणाकडे येतो. पक्ष बदलणं काही आजचं नाही. १९६७ साली हरियाणात गयालाल नावाच्या आमदारानं दिवस फिरावा तसा पक्ष फिरवला आणि देशाला ‘आयाराम गयाराम’ हा शब्द मिळाला. १९७८ साली आपल्याकडे वसंतदादांचं सरकार गेलं आणि चाळिशीही न गाठलेले शरद पवार ‘पुलोद’चे मुख्यमंत्री झाले. मग १९८५ साली पक्षांतरबंदीचा कायदा आला. एकटा आमदार गेला तर घरी, एक तृतीयांश गेले तर ती फूट म्हणून माफ. २००३ साली ती पळवाट बुजवली. पण कायदा म्हणजे आपल्या बोराटीच्या कुंपणासारखा. शेळी अडते, रेडा पार होतो.

२०१९ नंतर तर रेड्यांची जत्राच भरली. नोव्हेंबरच्या २३ तारखेला, आपण धारा काढून घरात येतो न येतो तोच, राजभवनावर शपथविधी आटोपलासुद्धा. ते सरकार चौथ्या दिवशी गेलं. मग ज्यांनी जन्मभर एकमेकांना शिव्या घातल्या त्या तीन पक्षांनी एका ताटात जेवायला घेतलं. २०२२ च्या जूनमध्ये त्यातले चाळीसच्या आसपास जण ताटावरून उठले आणि सुरतमार्गे गुवाहाटीला गेले. २०२३ च्या जुलैत राष्ट्रवादीचंही तेच. कोण कुणाबरोबर आहे हे लक्षात ठेवायला मी भिंतीवर खडूनं लिहून ठेवायचो. पुढं पुढं नुसतं पुसायचंच काम राहिलं.

गुवाहाटीहून सांगोल्याच्या तेव्हाच्या आमदारांनी फोनवर आपल्या माणसाला सांगितलं, काय झाडी, काय डोंगार, काय हाटील, सगळं ओक्के. इकडे आम्ही पेरणीसाठी आभाळाकडे बघत होतो आणि तिकडे ह्यांना झाडीचं कौतुक. राग यायला हवा होता. पण मंडळी, खरं सांगतो, आम्ही हसलो. त्याची गाणी झाली. पोरांच्या मोबाइलची घंटी तीच झाली. आमच्या घरातल्या सासू-सुनांच्या मालिका बंद पडल्या आणि रात्री बातम्या सुरू झाल्या. रुसवे तेच, कारस्थानं तीच, दर आठवड्याला नवा जावई. पूर्वी तमाशात सोंगाड्या राजाची टिंगल करायचा आणि लोक हसायचे. आता राजाच सोंगाड्या झाला. मग टिंगल करायची तरी कुणाची?

आम्ही दोघे भाऊही दोन बाजूंना गेलो. २०२३ च्या फेब्रुवारीत निवडणूक आयोगानं पक्षाचं नाव आणि धनुष्यबाण शिंद्यांना दिलं. धाकटा बाणाबरोबर गेला, मी मशालीबरोबर राहिलो. पारावर बसायची आमची जागाही बदलली. तोवर ते थट्टेवारीच होतं.

त्याच वैशाखात धाकट्याच्या मुलाचं लग्न निघालं. आजकालची लग्नं तुम्ही बघताच. नवरा-नवरी लग्नाआधीच धरणावर जाऊन छत्री धरून फोटो काढून आली, आभाळात ढग नसताना. मांडवाच्या तोंडाशी भलामोठा फ्लेक्स. त्यात नेते हातभर, नवरदेव वीतभर, आणि ज्या आजोबांच्या विहिरीवर ही पिढी जगली त्यांना जागाच नाही. हळदीपासून डीजे दणाणत होता. गोठ्यातली गाय दोन वेळा पान्हा चोरून बसली. ह्या खर्चासाठी धाकट्यानं काय गहाण टाकलं ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. मी वडीलधारा होतो.

वरात मांडवात आली आणि डीजेवाल्यानं ते झाडी-डोंगाराचं गाणं लावलं. पोरं माझ्याभोवती फेर धरून नाचायला लागली. कुणीतरी ओरडलं, ‘आण्णा, आता तरी ओक्के म्हणा!’ पोरंच ती. हसून सोडून द्यायचं. पण मी हातातल्या अक्षता पाटावर ठेवल्या आणि मंगलाष्टकांआधी मांडवातून उठून घरी आलो.

माझं तिसरं कलम आठवा. जेवत्याला उठवू नये म्हणणारा मी, सख्ख्यासारख्या पुतण्याच्या लग्नातून उठून आलो. आहेराचं पाकीट खिशातच राहिलं. दुसऱ्या दिवशी मी ते ट्रंकेत टाकलं आणि धाकट्यानं माझ्याशी बोलणं टाकलं.

ह्या गोंधळात गावाचं लक्ष कुठं होतं बघा. ऑगस्ट २०२३ मध्ये दिल्लीनं कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं. ८ डिसेंबरला निर्यातच बंद केली. आमचा लाल कांदा तेव्हा बाजारात होता. भाव पडला. पण पारावर सांजच्याला चर्चा कसली? खरी शिवसेना कुणाची! बंदी उठली ती ४ मे २०२४ ला, लोकसभेच्या मतदानाच्या धामधुमीत, आणि तीसुद्धा टनाला ५५० डॉलरचा किमान दर आणि ४० टक्के शुल्क ठेवून. शुल्क पुरतं गेलं १ एप्रिल २०२५ ला. माझं जुन्या माणसाचं मत असं, की सरकारनं शेतकऱ्याला देऊ नये आणि त्याचं अडवूही नये. नुसतं वाटेतून बाजूला व्हावं.

त्यातच जुलै २०२४ पासून मुंबईनं लाडक्या बहिणींना महिना दीड हजार सुरू केले. मी घरात म्हणालो, ‘दिल्लीनं कांद्यात नेलं, मुंबईनं बहिणीला दिलं. आपल्याच म्हशीचं दूध आपल्यालाच विकत.’ आमची मंडळी भाकरी थापत होती. ती म्हणाली, ‘चाळीस वर्षं तुमच्या कांद्याची पट्टी माझ्या हातात कधी आली होती का?’ मी गप्प बसलो. ह्या प्रश्नाला कुठल्याच पक्षाच्या जाहीरनाम्यात उत्तर नाही.

आता तो बुधवार सांगतो. १० जानेवारी २०२४. अर्धा एकर उन्हाळ कांदा लावून चार दिवस झाले होते, आंबवणीचं पाणी द्यायचं होतं. रविवारी, ऐन माझ्या पाळीला, मोटार जळाली. भरून आली ती बुधवारी दुपारी. विहिरीत पाणी होतं. बुधवार मोकळा होता. फक्त बांध ओलांडून जायचं आणि विचारायचं होतं. पन्नास पावलं.

मी गेलो नाही. त्या संध्याकाळी विधानसभेचे अध्यक्ष आमदारांच्या अपात्रतेचा निकाल वाचून दाखवणार होते. मी टीव्हीपुढं बसलो. पलीकडं धाकट्याच्या घरातूनही टीव्हीचा तोच आवाज येत होता. तासाभरानं निकाल कळला. शिंद्यांचीच शिवसेना खरी, आणि अपात्र मात्र इकडचा कुणी नाही, तिकडचाही नाही. परीक्षेला बसलेली सगळी पोरं पास. नापास झालं ते आमचं रोप. रविवारी माझी पाळी आली तोवर अर्ध्या एकरातली रोपं माना टाकून वाळली होती. बियाणं, वाफा, लावणीची मजुरी, सगळं मातीत गेलं. आमदारांपैकी एकाचाही पगार त्या दिवशी कापला गेला नाही.

असं दीड वर्ष आणखी गेलं. विधानसभेची निवडणूक झाली, सरकार बसलं. आमचा बांध तसाच.

५ जुलै २०२५ ला, शनिवारी, मुंबईत वरळीला मेळावा झाला. शाळेत पहिलीपासून हिंदी आणण्याचे आदेश सरकारला मागं घ्यावे लागले होते, त्याचा आनंद म्हणून. उद्धव आणि राज, दोघे चुलतभाऊ, जवळपास वीस वर्षांनी एका मंचावर आले आणि एकमेकांना मिठी मारली. मी टीव्हीवर बघत होतो. डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू? तेवढ्यात दारात काठी वाजली. धाकट्याची आई, माझी काकी. नव्वदीला टेकलेली. दोन वर्षांत पहिल्यांदा ती आमच्या ओट्यावर आली होती.

‘ते दोघं भाऊ येक झालं म्हणं रं?’

‘हो काकी. वीस वर्षांनी.’

ती खांबाला टेकून बसली. मग म्हणाली, ‘मला वीस वर्सं न्हाईत, बाबा.’

मंडळी, एवढी भाषणं ऐकली, पण असं एकही ऐकलं नाही. मी टीव्ही बंद केला, ट्रंक उघडली आणि काकीला धरून बांध ओलांडला. पन्नास पावलं.

धाकटा टीव्हीपुढंच बसला होता. मला बघून उठला. काय बोलावं ते दोघांनाही सुचेना. शेवटी तोच म्हणाला, ‘आण्णा, त्या बुधवारी मी मोटार बंद ठेवून बसलो होतो. म्हटलं, तुम्ही याल.’

‘आणि मी बसलो होतो, तू हाक मारशील म्हणून.’

तेवढ्यात सून पाणी घेऊन आली, कडेवर पोरगं होतं. मी दोन वर्षं ट्रंकेत पडलेलं पाकीट पोराच्या मुठीत दिलं. म्हणालो, ‘बाई, तुझ्या लग्नातून उठून गेलो, ते चुकलं माझं.’ ती खाली वाकली. पोरानं पाकीट तोंडात घातलं. तेव्हा कुठं सगळे हसलो.

आता तुम्ही म्हणाल, मग दोघांचा पक्ष एक झाला का? नाही. तो बाणाचा, मी मशालीचा. उद्या तिकडं वर कोण कुणाच्या गळ्यात पडेल, हे त्यांचं त्यांनाही माहीत नसतं, तर आपण का झोप घालवावी? मत द्यावं, जरूर द्यावं, आणि देऊन झालं की बोटाची शाई आणि डोक्यातला राग एकदमच उतरू द्यावा. नेत्यावर हसावं, पण त्याच्यासाठी भावावर रुसू नये. आणि निवडणुकीला पुढारी दारात आला, की त्याला झाडी-डोंगार विचारू नये. कांद्याचं काय, ते विचारावं.

आम्ही घरात दोन ठराव केले आहेत. पुढच्या लग्नात फ्लेक्स लागला तर आजोबांचाच. आणि बुधवारी सकाळी दोघांनीही एकमेकांना हाक मारायची, पाण्याची गरज असो वा नसो.

लाईट आली वाटतं. उठतो मी. आज बुधवार आहे, हाक मारून येतो.