कच्छचे रण, समुद्र आणि मित्रांची घरे

आपल्या कुटुंबांचा प्रवास बहुधा ठरलेला असतो. सहा डिसेंबरला दादर, दसऱ्याला नागपूर आणि अधूनमधून गावाकडचे लग्न किंवा मयत. निव्वळ मुलूख पाहायला बाहेर पडणे ही चैन वाटते. "परमुलखात उतरायचे कोणाकडे?" हा प्रश्न वडीलधारी माणसे सर्वांत आधी विचारतात. आमच्या आईनेही तोच विचारला. मागच्या डिसेंबरात मुंबईहून कच्छ आणि सौराष्ट्र असा आठ दिवसांचा प्रवास आम्ही केला, तो त्या प्रश्नाचे उत्तर हाती होते म्हणून. धाकटा भाऊ टुरिस्ट गाडी चालवतो. धंदा बाजूला ठेवून त्याने गाडी काढली. आई, सौ., दोन मुले, भाऊ आणि मी असे सहाजण निघालो.

पहिला मुक्काम बडोद्याला, साध्या लॉजवर. सकाळी कमाटी बागेतील संकल्पभूमी पाहिली. १९१७ साली परदेशातून शिकून आलेले बाबासाहेब येथे नोकरीवर रुजू झाले. पारशी सराईतून त्यांना लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढले. दोन मित्रांकडे त्यांनी आसरा मागितला, दोघांनीही सबब सांगितली. रात्रीच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते या बागेत बसून राहिले. हे त्यांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहून ठेवले आहे. धाकट्या मुलीने विचारले, "त्यांना एकाही मित्राने घरात घेतले नाही?" मी नाही म्हणालो. ती पुढे बराच वेळ गप्प होती.

अहमदाबाद ओलांडून माळियापर्यंत आलो की हिरवळ संपते. सूरजबारीच्या पुलावरून कच्छमध्ये शिरताना दोन्ही बाजूंना मिठागरे आणि पवनचक्क्या दिसतात. देशातील तीन-चतुर्थांशाहून अधिक मीठ एकट्या गुजरातमध्ये तयार होते. छोट्या रणात अगरिया कुटुंबे पावसाळा संपला की मुलाबाळांसह मुक्कामाला जातात. जमिनीतून खारे पाणी उपसायचे, वाफ्यांत सोडायचे, उन्हात वाळवायचे आणि रोज पायांनी तुडवत दंताळ्याने ओढायचे. पंपाच्या डिझेलपायी कर्ज होत असे; आता पुष्कळांनी सौरपंप बसवले आहेत. पिण्याचे पाणी मात्र टँकरनेच येते. आपल्या भाकरीतले चिमूटभर मीठ कोणाच्या पायांवरून येते, ते मुलांना गाडी थांबवून दाखवले.

भचाऊजवळच्या गावात माझा मित्र राहतो. तो कच्छी मेघवाळ. त्याचे वडील मुंबई महापालिकेत सफाई कामगार होते. आम्ही दोघे बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असताना २६ जानेवारी २००१ रोजी भूकंप झाला. भचाऊ जवळजवळ पूर्ण कोसळले. मित्र त्याच रात्री मिळेल त्या गाडीने गावी निघाला. घर पडले होते आणि आजोबा गेले होते. एकट्या आजीला सोडून त्याला परत येववेना. परीक्षा राहिली ती राहिलीच. मदत वाटतानाही जातीच्या वेगळ्या रांगा लागल्या, हे त्याने तेव्हा पत्रातून कळवले होते. आज तो मिठाच्या एका व्यापाऱ्याकडे हिशेब लिहितो. दोन खोल्यांचे पक्के घर त्याने स्वतः उभे केले आहे.

आम्ही अंगणात पाय ठेवताच भाभी पाण्याचा लोटा घेऊन आल्या आणि "मासी, पहेला पाणी" म्हणत तो आईच्या हातात दिला. रात्री बाजरीचा रोटला, लसणाची चटणी आणि ताक झाल्यावर आईने सांगितले, की लहानपणी ती गावच्या विहिरीवर हंडा घेऊन उभी राहायची. कोणी वरून ओतले तरच पाणी, नाहीतर तशीच परत. भाभी म्हणाल्या, "अमारे पण एमज." भाषा वेगळी होती, पण कोणालाही अर्थ सांगावा लागला नाही.

दोन दिवसांनी पहाटे धोलावीराला निघालो. खडीर बेटाकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना पांढरे रण पसरले होते. पावसाळ्यात येथे पाणी भरते, पुढे ते आटते आणि मीठ उरते. धोलावीरा हे सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचे नगर. २०२१ मध्ये ते जागतिक वारशाच्या यादीत गेले. मनसर आणि मनहर या दोन पावसाळी ओढ्यांचे पाणी बंधारे घालून अडवले होते आणि नगराभोवती दगडी तलावांची रांगच बांधली होती. वाळवंटात नगर वसवायचे तर आधी पाणी साठवले पाहिजे, हे त्या लोकांनी ओळखले होते.

नव्या रस्त्याने खावडा, भुज करत संध्याकाळी मांडवीला समुद्र दिसला. रुक्मावती नदीच्या काठावर आजही लाकडी गलबते बांधतात. सुतारांचे काम पाहताना भाऊ तेथून हलेना. मुलांनी दाबेली तिच्या जन्मगावी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी लांबचा पल्ला गाठून जुनागढ. सौ.ची शाळेतील मैत्रीण तेथे परिचारिका आहे; तिच्याकडे दोन रात्री राहिलो. गिरनारच्या वाटेवर सम्राट अशोकाचे चौदा शिलालेख कोरलेला मोठा खडक आहे. दुसऱ्या लेखात माणसांसाठी आणि जनावरांसाठी औषधोपचार, रस्त्यांवर विहिरी आणि झाडे यांची नोंद आहे. त्याच खडकावर सुमारे इ. स. १५० मधला रुद्रदामनाचा लेख आहे. फुटलेला सुदर्शन तलाव आपण प्रजेवर कर आणि वेठ न लादता स्वतःच्या खजिन्यातून बांधला, असे तो सांगतो. वेठबिगारीत ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्यांनी तो 'वेठ' शब्द उभे राहून वाचावा. उपरकोटातील बौद्ध लेणीही पाहण्यासारखी आहेत.

जाणाऱ्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात जावे. धोरडोच्या पांढऱ्या रणासाठी परवाना लागतो. गाडीत पाण्याचा मोठा कॅन हवाच. कारकून असल्यामुळे हिशेबही देतो. सात रात्रींपैकी तीन लॉजवर आणि चार मित्रांच्या घरी. या चार रात्रींमुळेच हा प्रवास आम्हाला परवडला. आपल्याही जुन्या डायरीत असे पत्ते असतील. वाचकांनी ते काढावेत आणि आधी त्या लोकांना आपल्याकडे बोलवावे.

येत्या चौदा एप्रिलला ही दोन्ही कुटुंबे आमच्याकडे यायची आहेत. खोली दहा बाय बाराची आहे. शेजारच्या दोन घरी अंथरुणांचे आत्ताच सांगून ठेवले आहे.