चूक कोणी कबूल केली?

काही वर्षांपूर्वी आम्ही नाताळ अंकासाठी दोन भावांची एक छोटी कथा लिहिली. सामाईक विहिरीच्या पाण्यावरून त्यांच्यात अबोला आलेला असतो. अखेर एका संध्याकाळी दोघे विहिरीवर समोरासमोर येतात, बोलतात आणि एक जण म्हणतो, "चूक माझीच झाली." संवादाला वेग यावा म्हणून 'तो म्हणाला' हे शब्द आम्ही निर्दयपणे गाळले होते. त्याचा थोडा अभिमानही वाटला होता.

अंक निघाल्यावर आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध गृहस्थ तो हाती घेऊन आले. कथा त्यांची नव्हती. पण धाकट्या भावाशी त्यांचे वर्षानुवर्षे बोलणे नव्हते, हे आम्हांस ठाऊक होते. "फादर, चूक थोरल्याचीच, असं तुम्हीसुद्धा ठरवलंत ना?"

वास्तविक ते वाक्य आम्ही धाकट्याच्या तोंडी घातले होते. ते दाखवावे म्हणून थोरला, धाकटा, थोरला असे बोटाने मोजू लागलो आणि सातव्या वाक्यापाशी आम्हीच अडखळलो.

आपल्या मराठीत 'मी येतो' आणि 'मी येते' एवढ्यावरून बोलणारा पुरुष की स्त्री हे कळते. नवराबायकोच्या संवादात लेखकाचे अर्धे काम क्रियापदच करते. दोन भाऊ बोलू लागले की हा आधार सुटतो. धाकट्याने एकदा 'दादा' म्हटले असते, किंवा बोलण्याआधी हातातला पोहरा खाली ठेवला असता, तरी भागले असते. आणि 'म्हणाला' या शब्दाची लाज कशाला? वाचकाची नजर त्यावरून सहज पुढे सरकते. 'गरजला', 'उद्गारला' यांची रांग लागली की मात्र ती अडते.

खरे तर हे आम्हांस सेमिनरीतच उमगायला हवे होते. योहानच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात येशू निकदेमाशी बोलतो. मूळ ग्रीक हस्तलिखितांत अवतरणचिन्हे नव्हती. त्यामुळे येशूचे बोलणे १५व्या वचनापाशी संपते की २१व्या, यावर अभ्यासकांचे अजून एकमत नाही. भाषांतरेही दोन्ही प्रकारची आहेत. झावळ्यांच्या रविवारी दुःखसहनाचा वृत्तांत निवेदक, ख्रिस्त आणि इतर अशा निरनिराळ्या आवाजांत वाचतात, ते उगाच नव्हे. छापील कथेला असे आवाज कोण देणार?

आम्ही तो प्रसंग पुन्हा लिहिला आणि त्या गृहस्थांच्या घरी नेऊन दिला. त्यांनी तो सावकाश वाचला. मग चष्मा काढून विचारले, "बरं, धाकटा असं म्हणाला. त्यावर थोरला काय म्हणाला?"

ते आम्ही लिहिलेच नव्हते.