पुळ्याचं पिस्तूल

तर मंडळी, आमच्या टीममध्ये एक कलेक्टर आहे. जिल्ह्याचा नाही हो, जुन्या वस्तूंचा. एचएमटीची चावीची घड्याळं, याशिकाचा कॅमेरा, गोदरेजचा मराठी टाइपरायटर असं काय काय त्याच्या वन बीएचकेमध्ये ठासून भरलंय. ह्या गृहस्थाला टेक्सासला ऑनसाइट असताना एक नवीन खूळ लागलं. तिथल्या एका गन शोमध्ये टेबलावर मांडलेलं, किमतीची चिठ्ठी लावलेलं वेब्ली रिव्हॉल्व्हर त्याने पाहिलं आणि गडी पार खुळावला. शंभर वर्षं जुनं, खरंखुरं लष्करी, इंग्रज अफसराच्या कमरेला असायचं ते. अमेरिकेत ५० वर्षं उलटलेल्या हत्याराला 'क्युरिओ' समजतात आणि जमवणाऱ्यांसाठी वेगळं लायसन्स असतं, हेही तो तिकडून शिकून आला. परत आल्यावर एकच धोशा: एक तरी लष्करी पिस्तूल आपल्याकडे पाहिजे.

आता खरं तर वेब्ली हे रिव्हॉल्व्हर. पण आपल्याकडे बोलताना एका हातात मावेल ते सगळं पिस्तूलच, म्हणून मीही तसंच म्हणतोय. जाणकारांनी चालवून घ्यावं.

त्याच्या धोशामुळे मी थोडं वाचलं, आणि जे कळलं ते फार गमतीशीर आहे. आपल्याला वाटतं की वस्तू जितकी जुनी तितका कायदा सैल. आपला १९५९ चा शस्त्र कायदा तसा विचारच करत नाही. तो आधी विचारतो, हे हत्यार अजून उडतं का? आणि उडत असेल तर त्यात कुठलं काडतूस बसतं? बस्स. वेब्ली मार्क ६ ब्रिटिश सैन्याने १९१५ साली घेतलं. बर्मिंगहॅमची बनावट, सहा इंची नळी, सहा काडतुसांची घरं, वजन किलोच्या वर. मधोमध बिजागरी असते. खटका दाबून नळी खाली झुकवली की रिकामी काडतुसं आपोआप बाहेर फेकली जातात. बोअर .४५५. आणि नेमकी इथेच मेख आहे. आपल्या नियमांत .३८० आणि .४५५ ची रिमवाली काडतुसं किंवा सैन्याची ९ मिमीची काडतुसं ज्यात बसतात ती पिस्तुलं 'प्रतिबंधित बोअर' म्हणून वेगळी काढली आहेत. साध्या बोअरचा परवाना जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त देतात, प्रतिबंधित बोअरचा थेट दिल्लीहून, केंद्रीय गृहमंत्रालयाकडून.

म्हणजे बघा, जे लष्करी म्हणून हवं तेच लष्करी म्हणून मिळत नाही! कानपूरला सरकारी कारखान्यात बनणारं .३२ चं रिव्हॉल्व्हर दिसायला वेब्लीचं धाकटं भावंडच आहे, पण ते साध्या बोअरचं, म्हणून सामान्य माणसाला परवान्यावर मिळू शकतं. आमच्या कलेक्टरला ते दाखवलं तर म्हणाला, "हे म्हणजे पैठणी मागावी आणि पैठणी प्रिंटचा पडदा मिळावा."

२०२४ च्या दिवाळीनंतरच्या वीकांताला आम्ही गणपतीपुळ्याला गेलो. आंबा घाट उतरून, साखरपा, हातखंबा, निवळी असं करत. देवदर्शन, डोंगराची प्रदक्षिणा, मोदक हे सगळं होतंच, पण कलेक्टरचा खरा हेतू वेगळा होता. त्याच्या मावशीच्या ओळखीचे एक काका तिथे राहतात आणि त्यांच्याकडे वडिलांचं जुनं लष्करी पिस्तूल आहे, अशी पक्की खबर होती. किंमत विचारू, मग परवान्याचं बघू, असा साहेबांचा प्लॅन.

काका पंचाहत्तरीच्या पुढचे. नारळीपोफळी, थोडे हापूस, पडवीत झोपाळा. कोकणात बंदूक ही काही सिनेमातली चीज नव्हे. रानडुक्कर आणि माकडं शेताची जी वाट लावतात ती पाहिली की शेतीसंरक्षणाच्या बंदुकीचा परवाना लोक का काढतात ते कळतं. कित्येक घरांत अजून ठासणीची बंदूक आहे. काकांकडेही एक नळीची होती. पण आम्ही आलो होतो दुसऱ्यासाठी. सोलकढीची दुसरी वाटी संपल्यावर कलेक्टरने विषय काढला.

"पिस्तूल ना? ते पोलीस ठाण्यात आहे."

आमचे चेहरे उतरलेले बघून काका हसले. "अहो, विधानसभेची आचारसंहिता लागल्ये ना. निवडणूक आली की बंदुका जमा. मला दरवेळी सांगतात असं नाही, पण मी आपला नेऊन देतो. निकाल लागला की घेऊन येतो. पिस्तूल नाही, पण हे बघा." आणि आतून त्यांनी एक फाईल आणली. सुतळीने बांधलेली, चांगली वीतभर जाड.

पुढचे दोन तास आम्ही ती फाईल बघत होतो. वडील फौजेत सुभेदार, दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर. १९४७ मध्ये देवळालीच्या कॅम्पातून मायदेशी निघालेल्या एका इंग्रज अधिकाऱ्याने स्वतःचं वेब्ली त्यांना दिलं, त्याचं इंग्रजीतलं हस्ताक्षरातलं पत्र. त्यात पिस्तुलाचा नंबर. मग रत्नागिरीचा पहिला परवाना, त्यावर तोच नंबर. मग नूतनीकरणाचे शिक्के, वडील गेल्यावर काकांच्या नावावर झालेली नोंद, पुढे दिल्लीशी झालेला पत्रव्यवहार. आणि दर निवडणुकीला शस्त्र जमा केल्याच्या पावत्या! १९७७, १९८०, पुढे पंचायत, झेडपी, लोकसभा... देशाचा सगळा लोकशाहीचा इतिहास त्या पावत्यांत होता म्हणा ना. प्रत्येक पावतीवर तोच नंबर.

"बार किती वेळा काढलात?" मी विचारलं.

"मी? एकदाही नाही. काडतुसं मिळतात कुठे त्याची? वडलांनी पण इथे कधी काढला नाही. ते दर दसऱ्याला पुसून पाटावर ठेवायचे. मी पण ठेवतो."

कलेक्टरने मग हळूच किंमतीचा विषय काढला. काका रागावले नाहीत, पण झोपाळा थांबला. म्हणाले, "पैशाचं राहू द्या. तुम्हाला दिल्लीचा परवाना मिळणार नाही आणि मला ते द्यायचं नाही. मला काळजी वेगळी आहे. माझ्यामागे ह्याचं काय?"

आणि ही काळजी खोटी नव्हती. मुलगा बंगळूरला, त्याला हे झंझट नको. मुलगी चिपळूणला, तिच्या सासरी घरात हत्यार ही कल्पनाच पटत नाही. नियमांप्रमाणे परवानाधारक ७० वर्षांचा झाला, किंवा शस्त्र २५ वर्षं त्याच्याकडे असलं, तर तो हयातीतच आपल्या वारसाचं नाव सुचवू शकतो. पण वारसच नको म्हणाला तर? मग ते ठाण्यात किंवा अधिकृत विक्रेत्याकडे जमा करायचं. ठरलेल्या मुदतीत त्याची सोय लावली नाही तर सरकारजमा होऊ शकतं. त्यात २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात, वारशाने आलेल्या धरून. आणि वारसाने आळस केला, वडलांची आठवण म्हणून कपाटात तसंच राहू दिलं, तर? विनापरवाना प्रतिबंधित बोअर म्हणजे किमान ७ वर्षं, जास्तीत जास्त १४. आठवणीची इतकी मोठी किंमत कुठल्याच मुलाने मोजू नये.

रात्री समुद्रावर बसून आम्ही दोघं ह्यावर वाद घालत होतो. कायद्यात एक पळवाट नाही पण एक दार आहे, कलम ४५. कालबाह्य बनावटीचं, पुराणवस्तू म्हणून मोल असलेलं किंवा मोडकळीस आलेलं शस्त्र, जे दुरुस्त करूनही उडवता येणार नाही, त्याला हा कायदा लागू नाही. 'दुरुस्त करूनही' हे शब्द महत्त्वाचे. गंजलंय, घोडा अडकतो, काडतूस मिळत नाही, एवढ्याने भागत नाही. २०२० च्या फेब्रुवारीत केंद्राने आणखी एक सवलत दिली. क्युरिओ वर्गातली छोटी शस्त्रं नुसती बाळगायला भारतीय नागरिकाला परवाना लागत नाही. पण वापरायला, बरोबर न्यायला किंवा एका जागेहून दुसरीकडे हलवायला लागतो. म्हणजे पुळ्यात घेतलेला क्युरिओ पुण्याला आणायचा तर परवाना हवाच. आणि 'साहेब, हा क्युरिओच आहे' हे विकणाऱ्याच्या तोंडून ऐकून काही उपयोग नाही, ते अधिकाऱ्याकडून लेखी हवं.

कलेक्टरचं म्हणणं, कायमचं निकामी केलेलं वेब्ली म्हणजे पेंढा भरलेला वाघ. यंत्र चालत नसेल तर त्यात जीव काय राहिला? मला हे पटलं नाही, आणि का पटलं नाही ते सांगायला मी त्याला भगतसिंगांच्या पिस्तुलाची गोष्ट सांगितली.

१७ डिसेंबर १९२८ ला लाहोरमध्ये साँडर्सवर झाडलेलं ते .३२ चं कोल्ट ऑटोमॅटिक. पुढे ते पंजाबातल्या फिल्लौरच्या पोलीस प्रशिक्षण केंद्रात होतं, तिथून १९६९ मध्ये इतर शस्त्रांबरोबर इंदूरला सीमा सुरक्षा दलाच्या केंद्रात आलं. तिथल्या संग्रहालयात ते कित्येक वर्षं लोकांच्या डोळ्यांसमोर पडून होतं. गंजू नये म्हणून त्यावर काळा रंग फासलेला. कुणालाही माहीत नाही की हे तेच. २०१६ च्या सुमारास शोध घेतला गेला, रंग खरवडला, खाली नंबर निघाला १६८८९६. खटल्याच्या कागदांतला नंबर तोच! २०१७ मध्ये ते हुसैनीवालाला नेऊन मानाने ठेवलं. आता सांगा, त्या कोल्टमध्ये आदल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी काय फरक पडला? लोखंड तेच. उडतं की नाही हा प्रश्न कुणी विचारलाही नाही. फरक पडला तो कागदातल्या सहा आकड्यांनी.

आणि कायदा असा संशयी का, तेही ह्याच मातीत समजतं. १८५७ नंतर घाबरलेल्या इंग्रजांनी १८७८ चा शस्त्र कायदा आणला. तरी १९०९ मध्ये सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर पेटीच्या चोरकप्प्यातून २० ब्राउनिंग पिस्तुलं पाठवली. त्यातल्याच पिस्तुलाने २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. कान्हेरे ह्याच रत्नागिरी जिल्ह्यातले, खेड तालुक्यातले. एक पिस्तूल काय करू शकतं हे सरकारला, मग ते कुणाचंही असो, पक्कं ठाऊक आहे. ते हत्याराचं वय बघून विरघळणार नाही, आणि खरं सांगायचं तर विरघळूही नये. संग्राहकाच्या कपाटातून चोरीला गेलेलं वेब्ली चोराच्या हातात पुराणवस्तू राहत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना कलेक्टरने काकांना विचारलं, "फाईल स्कॅन करू का?" काकांच्या अंगणात बसून त्याने फोनवर सगळे कागद टिपले. ते पत्र, परवाने, एकूण एक पावती. मग तासभर काकांना बोलतं करून वडलांची हकीकत रेकॉर्ड केली. ब्रह्मदेश, मलेरिया, देवळाली, तो इंग्रज अधिकारी, दसऱ्याचा पाट. सगळं मुलाला आणि मुलीला पाठवलं.

पंधरा दिवसांनी काकांचा फोन. मुलीने ते रेकॉर्डिंग दोनदा ऐकलं म्हणे. पत्र तर तिने कधी पाहिलंच नव्हतं. हत्यार चालू स्थितीत घरात ठेवायला ती अजूनही तयार नव्हती, पण ते जाऊ द्यायलाही आता तयार नव्हती. रीतसर परवानगी घेऊन ते कायमचं निकामी करून घ्यायचं आणि कागदांसकट तिच्याकडे ठेवायचं, असा तिने अर्ज लिहून घेतला. काका म्हणाले, "वडलांच्या पिस्तुलाचा जीव माझ्या हाताने घ्यायचा, म्हणून आधी बरं नाही वाटलं. पण मी विचार केला, पन्नास वर्षांत मी ते उडवलं कधी? मी सांभाळली ती फाईलच की."

तेव्हा मंडळी, तुमच्या गावच्या घरी, आजोबांच्या ट्रंकेत, असं काही असेल तर एवढं करा. ते विकत घ्यायला किंवा विकायला धावू नका, आणि स्वतः करवत घेऊन निकामी करायला तर मुळीच बसू नका. परवाना आहे का, कुणाच्या नावावर आहे, कधीपर्यंत आहे ते बघा. नसेल तर वकिलाला विचारून रीतसर मार्गाला लागा. नंबर लिहून ठेवा. आणि आजोबा असतील तर आजच त्यांच्याजवळ बसा. लोखंड आणखी शंभर वर्षं टिकेल, त्याची घाई नाही. सांगणारा माणूस तेवढा टिकत नाही.

कलेक्टरने पुळ्याहून काय विकत आणलं विचाराल तर दोन किलो आमसुलं आणि फणसपोळी. त्याला परवाना लागत नाही :)