पाटीवरचं नाव

आमच्या रामटेकात विरहाचा ठेका यक्षाकडे आहे. गावात कुणाची ताटातूट झाली की चार शिकलेली माणसं लगेच मेघदूतावर येतात. यक्षाचा रामगिरी आपलाच, असं छत्तीसगडातलं रामगढही म्हणतं. पण संस्कृतचे अभ्यासक मिराशी यांनी कौल आमच्या बाजूने दिला आणि तो वाद मिटला असं धरून आम्ही चालतो. त्यामुळे थेआ फॉन हार्बू या जर्मन लेखिकेची गोष्ट इथे सांगायला घेतली की ऐकणारा मध्येच म्हणतो, म्हणजे यक्षच की! मला ते पटत नाही. का पटत नाही, ते सांगायला जरा लांबून यावं लागेल.

माझे मामा टुरिंग टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. त्रिपुरी पौर्णिमेच्या जत्रेत तंबू लागला की मी मशीनजवळ उकिडवा बसायचो. सुरुवातीच्या पाट्या चालू असताना पब्लिक जागेवरून भांडत असे, शेंगा फोडत असे. मामा मात्र मला दटावत, "नावं वाच बे पोट्ट्या. पिच्चर कोनाच्या डोक्यातून निंगला, थे तेतीच लिवलं रायते." ती सवय लागली ती लागलीच. थिएटरात उशिरा येणाऱ्यांचा मला अजूनही राग येतो.

पुढे नागपूरला कॉलेजात असताना एका फिल्म सोसायटीत 'मेट्रोपोलिस' पाहिला. 1927 चा जर्मन मूकपट. वर श्रीमंतांचं शहर, जमिनीखाली मजुरांचं आणि मध्ये मारिया नावाच्या मुलीचं रूप घेतलेली यंत्रबाई. खेळानंतर चहाच्या टपरीवर जो तो दिग्दर्शक फ्रिट्झ लांगबद्दल बोलत होता. पाटीवर लिहिणाऱ्याच्या जागी एका बाईचं, थेआ फॉन हार्बूचं नाव होतं, त्याचा विषय कुणीच काढला नाही. 'निबेलुंगन', 'डॉ. माबुझे', खुनी माणसाच्या शिट्टीने अंगावर काटा आणणारा 'एम', यांच्या पटकथांवरही तिचं नाव आहे, हे हळूहळू कळत गेलं. मग दिसेल तिथे ते नाव टिपायची मला खोडच जडली.

थेआचा जन्म 1888 चा. घराणं खानदानी, पण पैसा उरलेला नाही. 1906 मध्ये ती नाटकात उतरली. ड्युसेलडॉर्फ, वायमार, केमनिट्झ, आखेन अशा रंगभूमींवर कामं केली. आखेनला रुडॉल्फ क्लाइन-रोगे हा नट भेटला आणि 1914 मध्ये त्यांनी लग्न केलं. अभिनय करता करता ती कादंबऱ्या लिहू लागली आणि लिहिणं जिंकलं. 1918 च्या तिच्या एका कादंबरीत एक हिंदी महाराजा युरोपातून वास्तुकार बोलावून कबर बांधायला सांगतो. 1921 मध्ये त्यावर सिनेमा निघाला तेव्हा बर्लिनजवळच्या वोल्टर्सडॉर्फला लाकूड-प्लास्टरची देवळं आणि महाद्वारं उभी राहिली. त्याची पटकथा तिने लांगबरोबर लिहिली होती. 1922 मध्ये लांगशीच तिचं लग्न झालं.

आता गंमत बघा. 'मेट्रोपोलिस'मधला यंत्रबाई घडवणारा वेडा शास्त्रज्ञ रोटवांग, ज्याची प्रिया त्याला सोडून दुसऱ्याची झाली, ती भूमिका कुणाची? क्लाइन-रोगेची. लिहिणारी त्याची पूर्वीची बायको, दिग्दर्शक तिचा आताचा नवरा. सेटवर काय वातावरण असेल, याची मी पुष्कळदा कल्पना करतो. मामांना हे सांगायला हवं होतं. त्यांनी रीळ थांबवून हसून घेतलं असतं.

तिच्या आयुष्यात आपल्याकडचा माणूस आला तो नंतर. बेळगावजवळच्या बेळगुंदीचे अयी तेंडुलकर शिकायला युरोपात गेले आणि बर्लिनमध्ये पत्रकार झाले. ते तिच्याहून पंधराएक वर्षांनी लहान. 1933 मध्ये लांगशी घटस्फोट झाला. तेंडुलकरांशी तिचं गुपचूप लग्न झालं होतं असं काही जण लिहितात, नाझी कायद्यांमुळे ते राहूनच गेलं असं काही. संसार मात्र खरा होता. प्लास्टरचा भारत उभा करणाऱ्या बाईच्या घरी आता बर्लिनमधले हिंदी विद्यार्थी येऊ-जाऊ लागले. युद्धाचे ढग जमले तेव्हा तिनेच तेंडुलकरांना मायदेशी परत जायला सांगितलं.

हे सगळं मला लक्ष्मी तेंडुलकर-धौल यांच्या 2013 च्या पुस्तकाने कळलं. लक्ष्मी या तेंडुलकर आणि इंदुमती गुणाजी यांच्या कन्या. इंदुमतीबाई गांधींच्या कार्यकर्त्या. दोघांनी तुरुंगवास भोगला आणि 1945 च्या ऑगस्टमध्ये सेवाग्रामला गांधींच्या आशीर्वादाने लग्न केलं. देशकार्यासाठी काही वर्षं मूल होऊ द्यायचं नाही, ही गांधींची अट होती. सेवाग्राम म्हणजे आमच्यापासून एसटीने अर्ध्या दिवसाची वाट. पुस्तक वाचल्यावर मी मुद्दाम गेलो. बापू कुटीच्या सारवलेल्या ओसरीत बसून 'मेट्रोपोलिस'च्या लेखिकेचा विचार करणारा माणूस त्यांच्याकडे वारंवार येत नसावा.

त्याच ऑगस्टात थेआ श्टाउम्युले इथल्या ब्रिटिशांच्या बंदीछावणीत होती. नाझी काळात ती जर्मनी सोडून गेली नाही. पटकथा लिहीत राहिली, दोन चित्रपट स्वतः दिग्दर्शित केले, पक्षाची सभासदही झाली. हिंदी लोकांना मदत करता यावी म्हणून सभासद झाले, असं तिने नंतर सांगितलं. मदत केली असेलही. पण तेवढ्यासाठीच, हे माझ्या गळी उतरत नाही. लांग देश सोडून निघून गेला होता. तिच्यापुढेही तो रस्ता होता. यक्षाला शाप होता, तो शिक्षा भोगत डोंगरावर राहिला. हिला कुणी शाप दिला नव्हता. 'मेट्रोपोलिस'चं श्रेय एकट्या लांगला देऊ नका, असं मी वर्षानुवर्षं भांडत आलोय. मग 1933 नंतरच्या पाट्यांवरचं नावही तिचंच. तिथे ती बिचारी आणि इथे ती प्रतिभावान, असा सोयीचा हिशेब मला जमत नाही.

छावणीतही तिने नाटक बसवलं: ग्योटेचा 'फाउस्ट'. त्या नाटकाच्या आरंभी थिएटरचा मालक, कवी आणि विदूषक यांचा जो प्रवेश आहे, तो शाकुंतलाच्या प्रस्तावनेवरून सुचला, असं अभ्यासक मानतात. म्हणजे कालिदास तिथे वेगळ्याच दाराने पोचला होता. हे सांगितलं की रामटेककर खूश होतात. होऊ देत.

सुटल्यावर तिने उद्ध्वस्त बर्लिनमध्ये विटा-दगडांचे ढिगारे उपसले. 1954 मध्ये लांगबरोबर लिहिलेल्या एका जुन्या मूकपटाच्या खेळाला तिला सन्मानाने बोलावलं. त्यात एक मुलगी प्रियकराला परत मागायला मृत्यूच्या दारात जाते. थिएटरातून बाहेर पडताना थेआ पडली, कंबरेला मार बसला आणि 1 जुलैला ती गेली.

लांग पुढे तिची ती महाराजाची कादंबरी घेऊन खऱ्या भारतात आला. उदयपूरला चित्रीकरण केलं आणि 1959 मध्ये दोन भागांत चित्रपट काढला. मी तो काँप्युटरवर पाहिला. राजवाडे खरे, हत्ती खरे. पण तोंडाला काळं फासलेले जर्मन नट आणि नागापुढचा तो नाच बघून शेवटी मी पुढे ढकलत गेलो. पाट्या मात्र सगळ्या वाचल्या. मूळ कादंबरी म्हणून तिचं नाव त्यात आहे.